मूल दत्तक गेल्यावर जन्मदात्या आईवडिलांच्या हातात काय उरतं?

मूल रीतसर दत्तक गेलं की त्याच्यावर जन्मदात्या आईवडिलांचा कायदेशीर हक्क उरत नाही. हे आधीच सांगून टाकते. शेवटासाठी राखून ठेवलं तर वाचणारा मध्येच कुठेतरी आशा धरून बसतो, आणि मग खाली येताना जास्त लागतं.

पण सगळी गोम ‘रीतसर’ या शब्दात आहे. दत्तक खरोखर झालं का, कोणत्या कायद्याखाली झालं, सही कोणासमोर झाली, मध्ये किती दिवस गेले, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं. मी विधी सेवेच्या मदत कक्षात स्वयंसेवक म्हणून बसते. येणारी माणसं दत्तकानंतरचे हक्क विचारतात आणि मला पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं: जे हक्क होते ते दत्तकाच्या आधीच्या दोन महिन्यांत होते. म्हणून हा लेख तिथूनच सुरू करते. भारतातल्या कायद्यापुरतंच बोलते, आणि कागद हातात घेऊन वाचलात तर जास्त उपयोग होईल.

पहिली पायरी: कागद कोणता आहे ते ओळखा

‘आम्ही मूल दत्तक दिलं’ या एका वाक्यात चार अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली, बाल न्याय अधिनियम २०१५ ची वाट. यात मूल बाल कल्याण समितीसमोर नेलं जातं, आईवडील तिथे समर्पणपत्रावर सही करतात (बोलताना सगळे त्याला सरेंडर डीडच म्हणतात), मूल विशेष दत्तक संस्थेत जातं आणि पुढे ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवरून त्याला कुटुंब मिळतं. दत्तकाचा अंतिम आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात, त्याआधी तो न्यायालय देत असे. तुमच्याकडे समितीचा शिक्का असलेला कागद असेल तर तुमची वाट ही. याच कायद्यात काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा अशा नातेवाइकांना नात्यातलं मूल दत्तक घेता येतं. त्यात समितीपुढचं समर्पण नसतं, जन्मदात्यांची लेखी संमती असते.

दुसरी, हिंदू दत्तक आणि निर्वाह अधिनियम १९५६. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना हा लागू आहे. इथे मूल प्रत्यक्ष देणं आणि घेणं हीच मुख्य क्रिया. होम झालाच पाहिजे असं नाही, नोंदणीही सक्तीची नाही; पण नोंदणीकृत दत्तकपत्र असेल आणि त्यावर देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या असतील, तर दत्तक कायद्याप्रमाणेच झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं झालं नाही, हे सिद्ध करण्याचं ओझं मग तुमच्यावर.

तिसरी, पालकत्व. ज्यांच्या वैयक्तिक कायद्यात दत्तक नाही अशी कुटुंबं १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाखाली न्यायालयाकडून पालक नेमून घेतात. (बाल न्याय अधिनियमाची वाट मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला खुली आहे. शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते स्पष्ट केलं.) पालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. इथे जन्मदाते हेच कायद्याने आईवडील राहतात, वारसाहक्क तुटत नाही, आणि मूल १८ वर्षांचं झालं की नेमलेल्या पालकाचं काम संपतं. लोक या दोन्हींची गल्लत करून उगीच धास्तावतात.

चौथी गोष्ट म्हणजे काहीच नाही. स्टॅम्पपेपरवर चार ओळी, नोटरीचा शिक्का, ‘आजपासून या मुलावर आमचा हक्क नाही’. प्रत्यक्ष देणं-घेणं झालेलं नसेल, किंवा कायद्याच्या अटी पाळलेल्या नसतील, तर नुसत्या नोटरीने मूल दत्तक जात नाही. १९५६ च्या अधिनियमाचं कलम ५ तर आणखी पुढे जातं: अटी मोडून केलेलं दत्तक शून्यवत असतं आणि मुलाचे जन्मकुटुंबातले हक्क त्याने नष्ट होत नाहीत. अटी म्हणजे काय, तर उदाहरणार्थ, मुलगा दत्तक घेणाऱ्याला आधीचा हिंदू मुलगा हयात नसावा. पुरुषाने मुलगी किंवा बाईने मुलगा घेतला तर वयात किमान २१ वर्षांचं अंतर असावं. मूल आधीच कुणाला दत्तक गेलेलं नसावं.

आपण कुठे आहोत हे कळल्याशिवाय पुढचं वाचून फायदा नाही. कागद सापडत नसेल तर ज्या समितीसमोर गेला होतात तिच्याकडे, किंवा दस्त जिथे नोंदवला त्या दुय्यम निबंधक कार्यालयात नक्कल मागा.

दुसरी पायरी: साठ दिवस मोजा, आणि नीट मोजा

हा भाग फक्त समर्पणाच्या वाटेसाठी आहे. १९५६ च्या कायद्यात विचार बदलायची मुदतच नाही. मूल ओटीत घातलं त्या क्षणी ते गेलं. नात्यातल्या नात्यात ‘बघू, नाही जमलं तर परत आणू’ असं म्हणून मूल देणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

समर्पणात मात्र बाल न्याय अधिनियमाचं कलम ३५ आईवडिलांना फेरविचारासाठी दोन महिने देतं. त्याच अधिनियमाखालची दत्तक नियमावली हीच मुदत साठ दिवस म्हणून लिहिते. दोन महिने आणि साठ दिवस यांत एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक पडतो आणि तो एक दिवस भारी पडू शकतो. समजा ३ मार्चला समर्पणपत्रावर सही झाली. दोन महिने धरले तर ३ मे येतो. साठ दिवस मोजले तर २ मे. तुम्ही २ मे धरा. खरं सांगायचं तर २५ एप्रिल धरा, कारण मध्ये सुट्ट्या असतात आणि समिती रोज बसतेच असं नाही.

या काळात मूल तुमच्याच देखरेखीत ठेवायचं की संस्थेत, हे समिती चौकशी करून ठरवते. सहा वर्षांच्या आतलं मूल विशेष दत्तक संस्थेत जातं, मोठं असेल तर बालगृहात. मूल संस्थेत आहे म्हणजे ते दत्तक गेलं, असं नाही. साठ दिवसांत ते तुमचंच आहे.

परत हवं असेल तर काय करायचं? समितीच्या नावे साधा लेखी अर्ज करायचा: समर्पणाची तारीख, मुलाचं नाव किंवा जन्मतारीख, ‘मला माझं मूल परत हवं आहे’ हे वाक्य, सही. दोन प्रती न्यायच्या. एकीवर पोच घ्यायची, तारखेसकट.

हे इतकं बारीक का सांगते? माझ्यासमोर बसलेल्या एका आईने मोबाईल उघडून मला कॉलची यादी दाखवली होती. चोपन्नाव्या दिवशी तिने संस्थेत फोन केला होता, चार मिनिटं बोलली होती. पलीकडून सांगण्यात आलं, ‘मॅडम रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या.’ ती शहाण्यासारखी पुढच्या आठवड्यात गेली. तो बासष्टावा दिवस होता. मोबाईलची काच तडकलेली होती आणि ती त्या एका नोंदीवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘हे बघा, मी केला होता.’ केला होता, पण लेखी काही नव्हतं. पुढे अपील करावं लागलं आणि तिथेही पहिला प्रश्न तोच आला: अर्ज कुठे आहे? संस्थेला फोन करणं म्हणजे समितीला कळवणं नाही, हे तिला सहीच्या दिवशी कुणी समजावलं नव्हतं.

खरं तर समजावणं हे त्यांचं काम आहे. नियमावली सांगते की आईवडिलांचं समुपदेशन करावं, मूल स्वतःकडेच ठेवता येईल का याची चाचपणी करावी, मुदतीनंतर निर्णय मागे घेता येत नाही हे सांगावं आणि मूल साठ दिवसांतच परत मागता येतं याची जाणीव द्यावी. लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दत्तकाचे मापदंड घालून दिले, तेव्हापासून जन्मदात्यांवर दबाव नको आणि त्यांना विचाराला वेळ द्या, हा धागा कायद्यात आहे.

मुदत संपली की संस्था प्रकरण समितीपुढे ठेवते आणि समिती मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर करते. तिथून पुढे मूल ‘हक्काने’ परत मागता येत नाही, मग दत्तकाचा आदेश अजून झालेला नसला तरी.

तिसरी पायरी: सही कोणाची होती, कशी घेतली, ते आठवा

लग्नाचं जोडपं असेल तर समर्पणपत्रावर दोघांची सही लागते. एकाचीच आहे आणि दुसऱ्याचा ठावठिकाणा नाही, तर ते मूल समर्पित न धरता सोडून दिलेलं धरलं जातं आणि पालकांचा शोध घेण्याची प्रक्रिया चालते. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने, त्याहून मोठ्यासाठी चार महिने. अविवाहित आई असेल तर तिची सही पुरते. ती स्वतः अल्पवयीन असेल तर सोबतच्या प्रौढ माणसाची साक्षीदार म्हणून सही घेतात. अशा मुलाच्या वडिलांना काही म्हणायचं असेल, तर त्यांनी मूल मुक्त जाहीर होण्याआधी समितीसमोर यावं. नंतर येणाऱ्यांची वाट फार चिंचोळी आहे.

१९५६ च्या अधिनियमात २०१० च्या दुरुस्तीनंतर मूल देण्याचा अधिकार आई आणि वडील दोघांना सारखा आहे, पण एकमेकांच्या संमतीशिवाय नाही. अपवाद तीनच: दुसऱ्याने संसाराचा पूर्ण त्याग केला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा न्यायालयाने त्याला मनोरुग्ण ठरवलं असेल. घटस्फोट हा अपवाद नाही. ‘ताबा माझ्याकडे आहे, मी देऊ शकते’ असं समजून एकटीने दिलेलं दत्तक पुढे याच मुद्द्यावर कोसळतं.

बाळ जन्मायच्या आधी कुणी कागदावर सही घेतली असेल तर ती विसरून जा. समितीसमोर मूल हजर करावं लागतं, आणि पोटातल्या बाळाचं प्रत्यक्ष देणं-घेणं होऊच शकत नाही. आंतरदेशीय दत्तकाबद्दलचा १९९३ चा हेग करार, जो भारताने २००३ मध्ये मान्य केला, तोही म्हणतो की आईची संमती जन्मानंतरचीच हवी आणि ती पैशाच्या आमिषाने मिळवलेली नसावी.

पैशाचं निघालंच आहे तर, ‘दवाखान्याचं बिल आम्ही भरतो, बाळ आम्हाला द्या’ हा प्रकार कितीही मायेने बोलला गेला तरी त्यापासून चार हात लांब राहा. दत्तकाच्या बदल्यात पैसे घेणं-देणं १९५६ च्या कायद्यात गुन्हा आहे, आणि मुलाची खरेदी-विक्री बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंडापर्यंत जाते. गुन्हा देणाऱ्यावरही लागतो, घेणाऱ्यावरही. पुढे दत्तकाला आव्हान द्यायची वेळ आली तर घेतलेले पैसे तुमच्याच गळ्यात अडकतात.

चौथी पायरी: काय तुटलं आणि काय तुटलं नाही, याचा हिशेब मांडा

बाल न्याय अधिनियमाचं कलम ६३ आणि १९५६ च्या अधिनियमाचं कलम १२ जवळपास एकच गोष्ट सांगतात: दत्तकाच्या तारखेपासून मूल सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचं होतं आणि जन्मकुटुंबाशी असलेले बंध तुटतात. म्हणजे ताबा नाही, भेटीचा हक्क नाही, शाळा, औषधोपचार, नाव, धर्म, पासपोर्ट यांत बोलायचा अधिकार नाही. जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून दत्तक घेणाऱ्यांची नावं लागतात. मृत्युपत्र नसेल तर तुमच्या मालमत्तेत त्याला वाटा नाही आणि त्याच्या मालमत्तेत तुम्हाला. त्याला पोसण्याची तुमची जबाबदारीही त्या तारखेपासून संपते.

काही देशांत दत्तकानंतरही जन्मदात्यांशी संपर्क ठेवण्याचा करार करता येतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही. नात्यात दिलेल्या मुलाला तुम्ही सणासुदीला भेटत असाल तर ती घेणाऱ्यांची भलाई आहे. त्यांनी उद्या दार बंद केलं तर ते उघडायला लावणारा आदेश मिळणार नाही. दत्तकपत्रात ‘महिन्यातून दोनदा भेटू देऊ’ असं लिहून घेतलेलं मी पाहिलं आहे. त्या ओळीने देणाऱ्याच्या मनाला धीर मिळतो, पण तिच्या जोरावर न्यायालयात फार लांब जाता येत नाही.

आता जे तुटत नाही ते. दत्तकापूर्वी मुलाच्या नावावर झालेली मालमत्ता त्याचीच राहते. आजोबांनी मृत्युपत्राने दोन एकर नातवाला दिले, आजोबा वारले, सातबाऱ्यावर नातवाचं नाव लागलं आणि मग नातू दत्तक गेला. ते दोन एकर त्याच्याबरोबर जातात. ‘तो आता आमचा नाही, जमीन परत द्या’ असं म्हणता येत नाही. मात्र त्या मालमत्तेला जन्मकुटुंबातल्या नातेवाइकांच्या निर्वाहाची जबाबदारी जोडलेली असेल तर तीही सोबत जाते. इथे जन्मदात्यांना एक छोटा, बहुतेकांना ठाऊक नसलेला धागा मिळतो. वाटणी न झालेल्या एकत्र कुटुंबातल्या हिश्श्याचं गणित वेगळं आहे. ते वकिलाकडूनच करून घ्या, गावातल्या जाणत्याकडून नको.

मृत्युपत्राने तुम्ही स्वतःची मालमत्ता कुणालाही देऊ शकता, दत्तक गेलेल्या मुलालाही. नात्यात दिलेल्या मुलाबाबत हे सोपं आहे. संस्थेमार्फत गेलेल्या मुलाचं नवं नाव, पत्ता तुम्हाला माहीत नसतो, त्यामुळे मृत्युपत्र लिहिलं तरी ते त्याच्यापर्यंत पोचवणार कोण, ही अडचण उरतेच.

हिंदू कायद्यात लग्नाचं बंधनही तुटत नाही. जन्मकुटुंबात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होतं त्यांच्याशी दत्तकानंतरही निषिद्धच.

म्हातारपणी या मुलाकडून पोटगी मागता येईल का, हे फार जण विचारतात. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात ‘आईवडील’ या शब्दाच्या व्याख्येत जन्मदाते, दत्तक आणि सावत्र असे तिन्ही आहेत, आणि त्यावर बोट ठेवून काही जण वाद घालतात. पण समोर ‘सर्व बंध तुटले’ असं सांगणारं कलम उभं आहे. स्वतःला दुसरी मुलं असतील तर अर्ज त्यांच्याविरुद्ध करा. दत्तक दिलेल्या मुलाच्या भरवशावर म्हातारपणाचा हिशेब मांडू नका.

आणि दोन्ही घरं राजी असतील तर दत्तक मागे घेता येतं का? १९५६ च्या कायद्याखाली नाही. तिथे वैध दत्तक हे दत्तक आईवडील किंवा आणखी कुणीही रद्द करू शकत नाही, मूलही ते नाकारून जन्मघरी परतू शकत नाही. एकदा दत्तक गेलेलं मूल याच कायद्याने पुन्हा दत्तक देताही येत नाही, म्हणजे ‘आम्ही तुमच्याकडून उलट दत्तक घेतो’ हीही वाट बंद. दत्तक आईवडील वारले तरी मूल आपोआप तुमच्याकडे येत नाही. तिथे पालक नेमण्यासाठी तुम्ही १८९० च्या अधिनियमाखाली अर्ज करू शकता, पण आई किंवा वडील म्हणून नव्हे, मुलाचं हित पाहणारं माणूस म्हणून. तसंच मुलाचे हाल होत आहेत असं कळलं तर १०९८ या बालमदत क्रमांकावर किंवा बाल कल्याण समितीला कळवण्याचा अधिकार कुठल्याही नागरिकाला आहे, म्हणून तुम्हालाही.

पाचवी पायरी: मुलाने शोधलं तर

मोठं झालेलं मूल स्वतःच्या मुळांचा शोध घेऊ शकतं आणि त्यासाठी संस्था, कारा आणि इतर यंत्रणांनी त्याला मदत करायची असते. अठरा वर्षांच्या आतलं असेल तर दत्तक आईवडिलांसोबत संयुक्त अर्ज लागतो. हा रस्ता एकेरी आहे. जन्मदात्यांनी मुलाला शोधण्याची सोय नियमावलीत नाही, आणि तिसऱ्याच कुणीतरी शोध घेण्याला तर साफ मनाई आहे.

पण तुमच्या हातात एक गोष्ट असते. समर्पणपत्राच्या नमुन्यात विचारलेलं असतं: पुढे मूल शोधत आलं तर आपली ओळख आणि पत्ता त्याला सांगावा की नाही? योग्य त्या पर्यायावर खूण करायची असते. सहीच्या दिवशी डोळ्यांत पाणी असताना त्या ओळीकडे कुणाचं लक्ष जातं? माझ्यासमोर आलेल्या एका प्रतीवर खूण ‘नको’वर होती आणि बाई शपथेवर सांगत होती की तिला असं काही विचारलंच नाही, पेन तिच्या भावाच्या हातात होतं.

गुप्तता मागितली असेल तर तुमची लेखी संमती घेतल्याशिवाय तुमची ओळख उघड करता येत नाही. मुलाच्या जाणून घेण्याच्या हक्काने जन्मदात्यांच्या खासगीपणाचा भंग होऊ नये, असं नियमावली स्पष्ट म्हणते. तुम्ही नकार दिला किंवा सापडला नाहीत, तर मूल कोणत्या परिस्थितीत दिलं गेलं एवढं त्याला सांगितलं जातं. म्हणून समर्पणाच्या वेळी परिस्थितीबद्दल जे लिहून घेतलं जातं ते खरं आणि माणसाच्या भाषेत असू द्या. वीस वर्षांनी ते कदाचित तुमच्या मुलाच्या हातात पडेल.

नंतर मत बदललं, पत्ता बदलला, घरात एखादा आनुवंशिक आजार निघाला, तर संस्थेला लेखी कळवा आणि ते मुलाच्या फाइलला जोडायची विनंती करा. संस्था बंद झाली असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला.

फेसबुकवर बाळाचा जुना फोटो टाकून ‘कुणी ओळखता का’ असं विचारू नका. दत्तक दिलेल्या मुलाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

सहावी पायरी: दत्तकच चुकीचं झालं असेल तर

‘माझं मन बदललं’ हे कारण साठ दिवसांनंतर चालत नाही. चालतात ती कारणं वेगळी: दुसऱ्या पालकाची संमतीच नव्हती, सही धमकावून किंवा फसवून घेतली, मुदत पुरी व्हायच्या आत मूल मुक्त जाहीर केलं, मुदतीत केलेल्या अर्जाकडे दुर्लक्ष झालं, प्रत्यक्ष देणं-घेणं झालंच नाही.

बाल कल्याण समितीच्या आदेशाविरुद्ध बाल न्यायालयात ३० दिवसांत अपील करायचं. जिल्हाधिकाऱ्यांच्या दत्तक आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे, तेही ३० दिवसांत. आयुक्तांनी शक्यतो चार आठवड्यांत निकाल द्यायचा असतो. त्याच अधिनियमाच्या कलम १०२ खाली उच्च न्यायालयाचं दारही आहे. १९५६ च्या कायद्याखालच्या दत्तकासाठी दिवाणी दावा लावावा लागतो आणि दत्तक झाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. मूल चोरून किंवा फसवून नेलं असेल तर प्रकरण दत्तकाचं राहतच नाही. थेट पोलिसांत जा.

मुदत आहे म्हणून तीन वर्षं थांबू नका. न्यायालय मुलाचं हित बघतं, आणि दोन वर्षं एका घरात रुळलेल्या मुलाला उचलून दुसऱ्या घरात ठेवायला कुठलाही न्यायाधीश दहादा विचार करील. इथे प्रत्येक महिना तुमच्या विरुद्ध मोजला जातो.

बाळ सोडून दिलं होतं, आता पुढे आलो तर अटक होईल, या भीतीने गप्प बसणारेही आहेत. मूल उघड्यावर टाकून जाणं हा गुन्हा आहेच. पण सोडलेल्या किंवा समर्पित मुलाच्या चौकशीत जन्मदात्यांवर प्राथमिक माहिती अहवाल नोंदवायचा नाही, असं बाल न्याय अधिनियमाचं कलम ३८ सांगतं, आणि परिस्थितीच आवाक्याबाहेरची असेल तर मुलाला जाणूनबुजून टाकलं असं धरू नये, असं कलम ७५. मुदतीत समितीपुढे या. सोबत वकील असला तर उत्तम.

सातवी पायरी: मदत कुठे मिळते

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. पुरुषांना जात-जमात, अपंगत्व किंवा उत्पन्नाच्या अटीवर. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. फोनवर नाव-गाव सांगायला संकोच वाटत असेल तर आधी फक्त तारखा सांगा: सही कधी, कोणासमोर, आदेश कधी.

जाताना समर्पणपत्राची किंवा दत्तकपत्राची प्रत, बाळाचा जन्मदाखला किंवा दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, लग्नाचा किंवा घटस्फोटाचा कागद, आणि केलेल्या प्रत्येक अर्जाची पोच न्या. पोच नसेल तर त्याच दिवशी नवा अर्ज लिहून द्या, साध्या कागदावर चालतो. आतला माणूस ‘ठेवून जा, साहेब आल्यावर शिक्का मारू’ म्हणाला तर तिथेच बाकावर बसा, आणि साहेब येईपर्यंत उठू नका.